व्हेंटिलेटरवरून पेशंट सोडवताना: आयसीयूत नव्याने रुजू झालेल्यांसाठी

आयसीयूतल्या माझ्या तिसऱ्याच रात्री बेड नंबर चारवरच्या काकांनी पहाटे तीनच्या सुमारास श्वासासाठी घशात घातलेली नळी स्वतःच उपसली. सिस्टर ओरडल्या, मी अँबू (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) घेऊन धावले, लॅरिंगोस्कोपचा (नळी घालताना घसा बघायच्या उपकरणाचा) दिवा काही लागेना. तो लागेपर्यंत काका उशीला टेकून बसले होते, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि घोगऱ्या आवाजात पाणी मागत होते. नळी पुन्हा घालावी लागलीच नाही. सकाळच्या राउंडला सरांनी एवढंच विचारलं, "हे काल सुटू शकले असते का, कुणी बघितलं होतं?" कुणीच बघितलं नव्हतं. चार्टवर तीन दिवस एकच ओळ होती: सीएसटी. कंटिन्यू सेम ट्रीटमेंट.

स्वतःहून नळी उपसणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांना ती परत लागत नाही. याचा सरळ अर्थ असा की आपण बऱ्याच जणांना गरजेपेक्षा जास्त दिवस मशीनवर ठेवतो, आणि तेही पेशंटची तयारी नसते म्हणून नव्हे, तर आपण विचारत नाही म्हणून.

मशीनवरून सोडवण्याला वीनिंग म्हणतात. हा शब्दही थोडा फसवा आहे. मूळ अर्थ बाळाचं अंगावरचं दूध तोडणं. ते बेताबेताने तोडतात, म्हणून मशीनही तसंच तोडायचं असं आपण धरून चालतो: आज रेट (मशीनने मिनिटाला द्यायचे श्वास) दोनने कमी, उद्या आणखी दोनने. बहुतेक पेशंटना याची गरज नसते. स्पेनमधल्या आयसीयूंनी मिळून केलेला एक अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसातून एकदा पेशंटला स्वतःच्या श्वासावर सोडून पाहिलं, तर एसआयएमव्हीचा (ठरलेले श्वास मशीनने द्यायचे, बाकीचे पेशंटने घ्यायचे, अशा मोडचा) रेट उतरवत बसण्यापेक्षा तो जवळजवळ तिप्पट लवकर सुटतो, असं त्यात दिसलं. रेट उतरवत बसणारी युनिट मला आजही भेटतात.

डोक्यात दोन प्रश्न वेगवेगळे ठेवा. पहिला श्वासाचा: मशीन थांबलं तर हा माणूस स्वतः श्वास ओढू शकेल का? दुसरा वाटेचा: नळी निघाली तर त्याचा घसा मोकळा राहील का, कफ बाहेर येईल का? मी पाहिलेल्या बहुतेक फजित्या पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला लावल्यामुळे झाल्या आहेत. खालच्या पायऱ्या तुमच्या युनिटच्या प्रोटोकॉलच्या आणि वरिष्ठांच्या जोडीने वापरायच्या आहेत, त्यांना बाजूला सारून नव्हे.

१. बेडपाशी काय हवं

राउंडच्या आधी हे सगळं हाताशी ठेवा:

• २४ तासांचा चार्ट: इनपुट-आउटपुट, सक्शन किती वेळा लागलं, ताप, प्रेसरचा (बीपी टिकवणाऱ्या औषधाचा) डोस
• सकाळचा एबीजी (धमनीच्या रक्तातल्या वायूंची तपासणी), छातीचा एक्स-रे, पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट
• सुरू असलेली सक्शन. "सुरू आहे" असं ऐकून भागत नाही, बोट लावून खेच बघा
• अँबू बॅग, मास्क, दिवा लागणारा लॅरिंगोस्कोप, आहे त्या साइझची आणि एक साइझ लहान अशी नळी, बुजी (नळीला वाट दाखवणारी लवचीक काडी)
• नळीच्या कफचा (नळीच्या आतल्या टोकाजवळच्या फुग्याचा) दाब मोजायचं यंत्र, दहाची सिरिंज
• नळी काढल्यावर लागणारा ऑक्सिजन: मास्क, हाय फ्लो (नाकातून जोराने दिलेला ऊबदार, दमट ऑक्सिजन) किंवा एनआयव्ही (नळीशिवाय, घट्ट मास्कने दिलेला मशीनचा आधार). यातलं काय लागेल हे आधी ठरवून जोडून ठेवलेलं
• केसपेपरवर एक नोंद: पुन्हा नळी लागली तर घालायची ना? नातेवाइकांशी हे बोलणं झालंय ना?

शेवटची नोंद सगळ्यात जास्त वेळा राहते. रात्री दोन वाजता पेशंट धापा टाकत असताना हा प्रश्न पहिल्यांदा निघणं फार वाईट.

२. आधी झोप उतरवा

गुंगीत असलेल्या माणसाची श्वासाची परीक्षा घेता येत नाही. त्यामुळे सकाळचं पहिलं काम म्हणजे मिडाझोलॅमचा (गुंगीच्या औषधाचा) पंप बंद करणं, अर्थात तो चालू ठेवायला खास कारण नसेल तर. फिट येत असतील, मेंदूचा दाब वाढलेला असेल, दारू सुटल्याची थरथर असेल, तर हात लावण्याआधी सिनियरला विचारा.

२००० मध्ये शिकागोच्या गटाने १२८ पेशंटवर हे करून पाहिलं होतं. रोज सेडेशन (गुंगीचं औषध) थांबवलेल्यांचे मशीनवरचे दिवस ४.९, बाकीच्यांचे ७.३. पुढे २००८ मध्ये सकाळी आधी सेडेशन थांबवणं आणि लगेच श्वासाची चाचणी घेणं, अशी जोडी लावून पाहिली, तेव्हाही फायदा दिसला. मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे सेडेशन सिस्टर बघतात, मशीन डॉक्टर बघतात, आणि दोघांची वेळ जुळत नाही. सकाळी सातला पंप बंद होतो, पेशंट आठला जागा होऊन हातपाय झाडायला लागतो, नऊला डॉक्टर येण्याआधी कुणीतरी पंप पुन्हा सुरू करतं. असे चार-चार दिवस जातात.

इथला सापळा किडनीचा. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर मिडाझोलॅमचा असर पंप बंद केल्यावरही दिवस-दीड दिवस रेंगाळू शकतो. "जागा होत नाही" असं लिहून सीटीला पाठवण्याआधी एवढं मोजा.

जागं करताना नावाने आणि नात्याने हाक मारा. "काका, डोळे उघडा. माझा हात दाबा. जीभ दाखवा." पेशंटला ऐकू कमी येत असेल तर यंत्र कानात घाला, चष्मा लावा. फार साधी गोष्ट आहे, पण "आज्ञा पाळत नाही" असा शेरा मारलेल्या एका आजींना निव्वळ ऐकू येत नव्हतं.

३. रोजची चाळणी

पाच मिनिटांचं काम आहे. प्रत्येक पेशंट, रोज, रविवारीही.

• ज्या कारणाने मशीन लागलं ते कारण ओसरतंय का?
• एफआयओटू (दिलेल्या हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण) ४० ते ५० टक्क्यांपर्यंत, पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब) ८ किंवा कमी, आणि त्यावर सॅच्युरेशन टिकतंय का?
• प्रेसर बंद किंवा अगदी थोडं, आणि वाढत नसलेलं?
• स्वतः श्वास सुरू करतोय का?

ही चाळणी १९९६ मध्ये ३०० पेशंटवर तपासली गेली. रोज चाळून, पास झालेल्यांची चाचणी घेऊन तसं डॉक्टरांना कळवलं, एवढ्यावर मशीनचे दिवस सहावरून साडेचारवर आले.

याच्या जोडीला उथळ श्वासाचा आकडा काढतात: मिनिटाचे श्वास भागिले एका श्वासाचं लिटरमधलं माप. २४ श्वास आणि ४०० मिली, म्हणजे २४ भागिले ०.४, उत्तर ६०, छान. ३५ श्वास आणि २५० मिली, उत्तर १४०, आज अवघड दिसतंय. १९९१ मध्ये यांग आणि टोबिन यांनी १०५ ही रेघ आखली. पण त्यांनी ती मशीनचा आधार काढून मोजली होती. आपण प्रेशर सपोर्ट (प्रत्येक श्वासाला मशीनने दिलेला दाबाचा टेकू) १२ वर ठेवून मोजतो, ५० येतात आणि खूश होतो. तो आकडा अर्धा मशीनचा असतो. आणि हो, मिलीचे लिटर करायला विसरू नका. ०.०६ असं उत्तर मी चार्टवर वाचलेलं आहे.

४. चाचणीच्या आधी नातेवाइकांशी बोला

हे बहुतेक लिखाणात शेवटी येतं. मी ते इथे आणलंय, कारण आपल्याकडे शब्दांनी फार घोटाळा होतो.

"आज व्हेंटिलेटर काढून बघतो" हे वाक्य बाहेर बाकावर बसलेल्या मुलाला "आता आशा नाही, मशीन काढतायत" असं ऐकू येतं. सिनेमांमुळे आणि गावात ऐकलेल्या गोष्टींमुळे मशीन काढणं म्हणजे शेवट, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. आणि "ट्रायल घेतोय" म्हणालात तर "आमच्या माणसावर प्रयोग चाललाय". दोन्ही अनुभव घेऊन झालेत माझे. एकदा तर अख्खं कुटुंब आयसीयूच्या दारात उभं राहिलं होतं.

मी आता असं सांगते: "तात्या मशीनच्या आधाराशिवाय किती वेळ श्वास घेतात ते अर्धा तास बघणार आहोत. नळी जागेवरच राहणार, मी शेजारी उभी असणार. जमलं तर नळी काढू. दमले तर मशीन परत जोडू, उद्या पुन्हा बघू. आज नाही जमलं तर तब्येत बिघडली असं समजू नका." "नळी काढल्यावर शंभरातल्या दहा-पंधरा जणांना ती परत घालावी लागते" हेही आधीच सांगून ठेवा. नंतर सांगितलं की ती सबब वाटते.

५. अर्ध्या तासाची चाचणी

डोकं उंच करून, शक्य तितकं बसतं करा. तोंडातून आणि नळीतून सक्शन. मग दोनांपैकी एक: प्रेशर सपोर्ट ५ ते ८ वर उतरवा, किंवा मशीन सोडवून टी-पीस (नळीला नुसता ऑक्सिजन पुरवणारा टी आकाराचा जोड) लावा. पूर्वी दोन-दोन तास टी-पीसवर ठेवायची पद्धत होती. २०१९ मध्ये स्पेनमध्येच ११५३ पेशंटवर अर्धा तास प्रेशर सपोर्ट ८ आणि दोन तास टी-पीस अशी तुलना झाली. पहिल्या गटात ८२.३ टक्के नळीविना टिकले, दुसऱ्यात ७४. साध्या पेशंटना मी म्हणूनच अर्धा तास प्रेशर सपोर्ट देते. हृदय कमजोर असेल तर मात्र टी-पीसच बरा, कारण नळी काढल्यावर जो ताण हृदयावर येणार आहे तो आधीच दिसतो.

घड्याळ लावा आणि तिथेच थांबा. चाचणी थांबवायची ती अशी:

• श्वास ३५ च्या वर जाऊन तिथेच राहिले
• सॅच्युरेशन ९० च्या खाली
• नाडी १४० च्या वर, किंवा होती त्यापेक्षा २० टक्क्यांनी वाढली
• वरचं बीपी १८० च्या वर किंवा ९० च्या खाली
• दरदरून घाम, बावरलेले डोळे, छाती फुगताना पोट आत जाणं

आकड्यांच्या आधी कपाळ बघा. घामाचे थेंब मॉनिटरच्या अलार्मच्या आधी येतात.

मोठा सापळा: टी-पीस लावून जेवायला जाणं. दमलेला पेशंट तासभर तसाच राहिला तर त्या दिवशीचं नुकसान तर होतंच, शिवाय थकलेलं श्वासपटल पूर्ववत व्हायला २४ तासांहून जास्त लागू शकतात. म्हणून चाचणी दिवसातून एकदाच. नापास झाला की लगेच आरामशीर आधारावर परत, आणि उद्या सकाळपर्यंत शांत झोप. संध्याकाळी "अजून एकदा बघू का" म्हणणारा उत्साही रेसिडेंट प्रत्येक बॅचला एक असतो.

पास झाला, तर पुन्हा तासभर मशीनच्या आधारावर विसावा देऊन मग नळी काढा. २०१७ च्या एका स्पॅनिश अभ्यासात या एका तासाने पुन्हा नळी घालावी लागणाऱ्यांचं प्रमाण कमी झालं. फुकटचा उपाय आहे. त्याच तासात पुढची पायरी उरकते.

६. वाटेचा प्रश्न

इथे घाई करू नका.

खोकला बघा. सक्शनचा कॅथेटर आत गेल्यावर नुसतं तोंड वाकडं होतंय, की दणदणीत खोकला येतोय? नळीच्या तोंडाशी कागद धरून खोकायला सांगा, त्यावर शिंतोडे उडायला हवेत. सक्शन दर तासाला लागत असेल तर थांबा. सिस्टरना विचारा, त्यांना हे चार्टपेक्षा नेमकं माहीत असतं.

घशाला सूज असण्याची शक्यता ज्यांना जास्त, म्हणजे नळी जाड, घालताना त्रास झालेला, आठवडाभर मशीनवर, शिवाय स्त्रिया, त्यांच्या नळीचा कफ (फुगा) रिकामा करून हवेची गळती मोजा. व्हॉल्यूम मोडवर आत गेलेली आणि परत आलेली हवा यांतला फरक ११० मिलीपेक्षा कमी असेल तर सावध व्हा. अशा वेळी निदान चार तास आधी स्टिरॉइड सुरू करतात. २००७ च्या फ्रेंच अभ्यासात १२ तास आधीपासून दर चार तासांनी २० मिग्रॅ मिथाइलप्रेडनिसोलोन दिल्यावर घशाची सूज २२ टक्क्यांवरून तीनवर आली. नळी काढता-काढता एक डोस टोचून काही होत नाही.

आता मानेबद्दल, कारण आपल्या भागात याला पर्याय नाही. पावसाळ्यात मण्यार चावलेला मुलगा येतो: जमिनीवर झोपलेला, जखम दिसत नाही, पोटात दुखतंय, पापण्या मिटायला लागल्यात. फुप्फुसं त्याची ठणठणीत. तीन-चार दिवसांनी तो श्वासाची चाचणी सहज पास होतो, आणि नळी काढल्यावर दोन तासांत स्वतःच्याच लाळेत गुदमरतो, कारण गिळायचे स्नायू अजून जागे झालेले नसतात. कीटकनाशक प्यायलेल्यांचंही असंच. सुरुवातीचा लाळ-घाम ओसरला, सगळं छान दिसतंय असं वाटत असताना २४ ते ९६ तासांच्या आसपास मान आणि श्वासाचे स्नायू ढिले पडतात.

यांना एकच सांगा: "उशीवरून डोकं उचल आणि पाच आकडे मोजेपर्यंत धरून ठेव." नाही जमलं तर नळी राहू द्या, इतर आकडे कितीही सुंदर असोत. जमलं, तर तोंडात लाळ साठतेय का ते बघा. नाग चावलेल्यात निओस्टिग्मीनने स्नायूंना हुशारी येते. मण्यारीचं विष मज्जातंतूच्या टोकालाच इजा करतं, तिथे त्याचा भरवसा नाही, वाट बघावीच लागते.

या मुलांबद्दल आणखी एक. पापण्या उघडत नाहीत, बाहुल्या विस्फारलेल्या, बोटही हलत नाही, म्हणून मेंदू गेला असं राउंडवर मोठ्याने म्हणू नका. मण्यारीच्या विषात हे सगळं होऊनही पेशंट पूर्ण शुद्धीवर असू शकतो. आमच्याकडच्या एका मुलाने सुटल्यावर आम्ही त्याच्या बेडपाशी काय-काय बोललो ते शब्दाला शब्द ऐकवलं होतं.

७. नळी काढताना

वेळ सकाळची, हाताशी माणसं असतानाची. शिफ्ट बदलताना नको. रायल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात गेलेल्या नळीतून) पोट रिकामं करा. बसवा. नळीतून आणि मग कफच्या वर साठलेल्या लाळेचं सक्शन करा. दोरी सोडा, कफ पूर्ण रिकामा करा, मोठा श्वास घ्यायला सांगा आणि त्याच श्वासाच्या टोकाला नळी काढा. लगेच खोकायला लावा, ऑक्सिजन लावा, नाव विचारा. आवाज फुटला पाहिजे.

८. पुढचे ४८ तास

पहिला तासभर शेजारी राहा. श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज आला तर तो स्ट्रायडर. ॲड्रेनलिनचं नेब्युलायझेशन सुरू करा, सिनियरला बोलवा आणि लहान नळी काढून ठेवा.

धोका कमी असलेल्यांना हाय फ्लोचा फायदा होतो: २०१६ च्या अभ्यासात पुन्हा नळी लागण्याचं प्रमाण १२.२ वरून ४.९ टक्क्यांवर आलं. चुलीच्या धुराने सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या आकसण्याचा आजार) झालेल्या आजी, हृदय कमजोर असलेले, वयस्क, यांना नळी निघाल्या-निघाल्या एनआयव्ही लावा. "लागलं तर लावू" म्हणून थांबू नका. धाप सुरू झाल्यावर एनआयव्ही लावून वेळ काढण्याने उलट नुकसान होतं. २००४ च्या अभ्यासात अशा पेशंटमध्ये मृत्यू १४ ऐवजी २५ टक्के झाले. दमला, तर नळी वेळेत परत घाला, त्यात कमीपणा नाही. ज्या युनिटमध्ये वर्षभरात एकालाही परत नळी लागत नाही, तिथे नक्कीच सगळ्यांना उशिरा सोडवतायत.

९. पुन्हा पुन्हा नापास होत असेल तर

मशीनचे मोड बदलत बसू नका, कारण शोधा. मी या क्रमाने जाते.

पाणी आणि हृदय: मशीनचा दाब गेला की हृदयाकडे परतणारं रक्त वाढतं, फुप्फुसात पाणी भरतं. चाचणीत बीपी वाढत असेल, पाच दिवसांचा हिशेब चार लिटर अधिक असेल, तर आधी लघवीवाटे पाणी काढा.

कार्बन डायऑक्साइड: सीओपीडीच्या आजींचा नेहमीचा आकडा ६० असतो. आपण मशीनवर तो ४० करून ठेवतो, किडनी साठवलेला बायकार्ब (रक्तातलं आम्ल तोलणारा क्षार) टाकून देते आणि चाचणीत त्यांचा पीएच कोसळतो. त्यांना त्यांच्या ६० वरच राहू द्या.

मग फॉस्फेट, पोटॅशियम, ताप, पोटफुगी, दुखणं, रात्री न झालेली झोप. आणि श्वासपटल. २००८ मध्ये अवयवदात्यांच्या श्वासपटलाचे तुकडे तपासले, तेव्हा फक्त १८ ते ६९ तास पूर्ण मशीनवर राहिल्यावर तंतूंचा छेद निम्म्याहून जास्त घटलेला दिसला होता. म्हणून चाळणी पास नसली तरी पेशंटला जमेल तितका श्वास स्वतः ओढू द्या, दिवसा खुर्चीत बसवा.

तीनपेक्षा जास्त चाचण्या किंवा सात दिवसांहून जास्त काळ लागला तर त्याला लांबलेलं वीनिंग म्हणतात, आणि ट्रॅकिओस्टॉमीचा (गळ्याला छिद्र पाडून तिथून नळी घालण्याचा) विषय निघतो. तिची घाई नको. ब्रिटनच्या २०१३ च्या मोठ्या अभ्यासात लवकर केल्याने जीव वाचण्यात फरक पडला नाही, आणि थांबायला सांगितलेल्या गटातल्या निम्म्याहून कमी जणांनाच ती लागली. संमतीपत्र मराठीत वाचून दाखवा. "गळ्याला भोक" म्हटलं की घरचे हादरतात. हे छिद्र बहुधा नंतर बुजतं, तोंड मोकळं राहतं, हे सांगितलं की निम्मी भीती जाते.

१०. पाणी आणि चहा

नळी निघाली की पेशंट पाणी मागतो आणि नातेवाईक चहा आणतात. नळीने सुजलेल्या घशाला काही तास गिळता येतंच असं नाही, आणि घोट श्वासनलिकेत गेला तरी खोकला येईलच असं नाही. एका बाईंना आम्ही सकाळी दहाला सोडवलं, बाराला मुलाने प्रेमाने अर्धा कप चहा पाजला, चारला नळी परत घालावी लागली. तेव्हापासून आमच्या बेडच्या डोक्याशी पाटी असते: "सिस्टरना विचारल्याशिवाय तोंडाने काही देऊ नका."

आधी ओला कापूस ओठांवर फिरवा. चार-सहा तासांनी, पेशंट पूर्ण जागा आणि ताठ बसलेला असताना, चमचाभर पाणी द्या. आवाज ओला, घरघरता झाला किंवा ठसका लागला तर थांबा आणि रायल्स ट्यूब ठेवा. तीन चमचे नीट गेले तर घोटभर. मग पातळ पेज. चहा दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि तोही बशीतून नको, चमच्याने.